जनरल त्सोची कोंबडी

गेल्या सुट्टीत अमेरिकेत शिकणारा आमचा भाचा घरी आला होता. ‘आज तुम्हांला तिकडचं चायनीज करून घालतो,’ असं म्हणून त्याने सकाळीच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं अर्धा किलो मांस आणून त्याचे लिंबाएवढे तुकडे केले. सोया सॉस, अंड्याचा पांढरा भाग आणि कॉर्नफ्लोअर यांत ते अर्धा तास मुरवले. मग तळून काढले, जरा वेळ निथळत ठेवले आणि पुन्हा एकदा तळले. दुसऱ्या कढईत सुक्या लाल मिरच्या, आलं आणि लसूण परतून त्यात सोया सॉस, व्हिनेगर आणि चांगली चार चमचे साखर घातली. शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओतलं. रस चकचकीत आणि दाट झाला, तेव्हा तळलेले तुकडे त्यात घोळवले. सोबत वाफवलेली ब्रोकोली आणि भात. पदार्थाचं नाव त्याने सांगितलं ‘जनरल त्सो चिकन’. अमेरिकेत गावोगावच्या चिनी उपाहारगृहांत तो मिळतो. लोक तो कागदी खोक्यातून घरी नेतात आणि खातात.

जेवताना शेजारच्या नववीतल्या मुलीने विचारलं, ‘हा जनरल त्सो कोण? आणि त्याचा कोंबडीशी काय संबंध?’ भाच्याला सांगता येईना. आम्हांलाही येईना. म्हणून शोध घ्यायला बसलो, तेव्हा त्या एका ताटातून दीडशे वर्षांचा इतिहास हाती आला.

सेनापती आणि आचारी

त्सो त्सुंग-थांग हा खराखुरा सेनापती होता. चीनच्या हुनान प्रांतात 1812 साली त्याचा जन्म झाला. छिंग राजवटीविरुद्धचं थायपिंग बंड (1850–1864) मोडून काढण्यात तो आघाडीवर होता. पुढे 1870च्या दशकात पश्चिमेकडचा शिनच्यांग हा विस्तीर्ण प्रदेश त्याने पुन्हा छिंग साम्राज्याच्या ताब्यात आणला. 1885 साली तो वारला. त्याच्या नावाची ही कोंबडी त्याने कधीच चाखली नाही, कारण ती पहिल्यांदा शिजली तीच त्याच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तर वर्षांनी. जेनिफर ली या अमेरिकी पत्रकार या पदार्थाचा माग काढत सेनापतीच्या मूळ गावी गेल्या. तिथल्या त्याच्या वंशजांना हा पदार्थ ठाऊकही नव्हता.

पदार्थाचा जनक म्हणून नाव घेतलं जातं ते पेंग चांग-क्वेइ या आचाऱ्याचं. तोही हुनानचाच. च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारच्या मेजवान्यांची जबाबदारी त्याच्याकडे असे. 1949 साली यादवी युद्धात हरल्यावर ते सरकार तैवान बेटावर गेलं. पेंगही गेला. गाव कायमचं सुटलेल्या या माणसाने 1950च्या दशकात तिथे हा पदार्थ रचला आणि त्याला आपल्या प्रांतातल्या नामांकित सेनापतीचं नाव दिलं. मूळ पदार्थ हुनानी वळणाचा म्हणजे तिखट, आंबट, खारट होता. त्यात साखर नव्हती.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधले काही चिनी आचारी तैपेईला येऊन पेंगच्या हातचं जेवून गेले. परतल्यावर त्यांनी हा पदार्थ तिथल्या गिऱ्हाइकांसाठी केला, तो बाहेरून जास्त कुरकुरीत आणि चवीला गोड. 1973 साली पेंग स्वतः न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा त्याचा पदार्थ त्याच्या आधीच तिथे गाजत होता. गंमत अशी, की नक्कल करणारा म्हणून लोकांनी बोट दाखवलं ते पेंगकडे! अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी मग त्यानेही आपल्या कृतीत साखर घातली.

पण हे आचारी न्यूयॉर्कमध्ये आले कसे? आणि चिनी माणूस म्हणजे खानावळवाला, असं समीकरण अमेरिकेत मुळात का तयार झालं? त्यासाठी आणखी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

कायद्याने घडवलेला धंदा

1848 साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्वांगतुंग प्रांतातून हजारो तरुण तिकडे गेले. पुढे अमेरिका खंड पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग बांधायला मजूर हवे होते. पश्चिमेकडच्या बाजूचं डोंगर फोडण्याचं काम प्रामुख्याने चिनी मजुरांनी केलं. त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक होती. 1869 साली लोहमार्ग पूर्ण झाला. पाठोपाठ मंदी आली, आणि कालपर्यंत हवे असलेले हे लोक नकोसे झाले. ‘हे कमी पैशांत राबतात आणि आमची मजुरी पाडतात,’ अशी ओरड सुरू झाली. दंगली झाल्या. 1885 साली वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज या खाणगावात 28 चिनी कामगारांना ठार मारण्यात आलं.

त्याआधीच, 1882 साली, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली होती. जे आधीपासून होते त्यांना नागरिकत्व घेता येत नसे. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक आणि राजदूत यांना मात्र बंदीतून सूट होती. खाणी आणि कारखाने यांची दारं बंद होत गेली, तसे चिनी पुरुष कपडे धुण्याच्या आणि स्वयंपाकाच्या धंद्याकडे वळले. ही कामं बायकांची समजली जात. त्यामुळे गोरे पुरुष त्यांत फारशी स्पर्धा करत नसत.

1915 साली एका न्यायालयीन निर्णयाने उपाहारगृहाच्या मालकाची गणना व्यापाऱ्यांत झाली. एवढ्या एका शब्दाने बरंच काही बदललं. व्यापारी ठरलेल्या माणसाला मायदेशी जाऊन परत येता येई, नात्यातल्या माणसांनाही आणता येई. अट अशी, की उपाहारगृह मोठं आणि चांगल्या दर्जाचं हवं. मग भाऊबंद पैसे गोळा करून मोठं उपाहारगृह काढत आणि आळीपाळीने त्याचा कारभार पाहत. हेदर ली या इतिहासकार बाईंनी जुने सरकारी कागद तपासून ही हकीकत मांडली आहे. अमेरिकेत चिनी उपाहारगृहं झपाट्याने वाढण्यामागे चवीइतकाच हा कायदाही होता.

तिथे जेवायला येणारे बहुतेक लोक चिनी नव्हते. त्यांना हाडं नको असत, ओळखू येणारी भाजी हवी असे, गोड चव आवडे. उपाहारगृह चाललं नाही तर मालकाचा नुसता धंदा बुडत नसे. बायकामुलांना कधी आणता येईल, ही आशाही बुडे. गिऱ्हाइकाला रुचेल तसं शिजवणं हा त्यांच्यासाठी जगण्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धात चीन अमेरिकेचा मित्र झाला, तेव्हा 1943 साली बंदीचा कायदा रद्द झाला. पण प्रवेश किती जणांना? वर्षाला 105! दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965च्या कायद्याने. त्यानंतर तैवान आणि हाँगकाँगमधून कसलेले आचारी आले. 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले. तिथल्या मेजवान्या अमेरिकी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या आणि चिनी जेवणाची उत्सुकता एकदम वाढली. जनरल त्सोची कोंबडी न्यूयॉर्कमध्ये पोहोचली ती नेमकी याच सुमाराला.

ताटातले साक्षीदार

आता पुन्हा ताटाकडे वळू. मिरची मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांमुळे ती गोव्यात उतरली आणि आपल्या ठेच्यापर्यंत पोहोचली, तशीच सागरी व्यापारातून सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनला गेली. हुनानचं जेवण आज तिखटासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे मिरची परकीच.

स्वस्त कोंबडी ही अमेरिकेची देणगी. पूर्वी तिथेही कोंबडी अंड्यांसाठी पाळत आणि क्वचित खात. 1923 साली डेलावेअरमधल्या सेसिल स्टील या बाईंनी 50 पिल्लं मागवली. चुकून 500 आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली, चांगला नफा मिळाला, आणि तिथून केवळ मांसासाठी कोंबड्या वाढवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला.

ब्रोकोली तर मूळची भूमध्य सागराकाठची. अमेरिकेत तिचा प्रसार केला तो इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांनी. चीनमध्ये तिची बहीण शोभेल अशी गाय-लान नावाची पालेभाजी खातात. जीवशास्त्राच्या दृष्टीने ब्रोकोली, गाय-लान, कोबी आणि फुलकोबी या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. माणसाने कुठे फुलोरा निवडला, कुठे पानं, एवढाच फरक.

कॉर्नफ्लोअरचं काम पाहण्यासारखं आहे. नाव फसवं आहे. ते भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे, तर मक्यातून वेगळा काढलेला स्टार्च आहे. चिनी स्वयंपाकात मूग, रताळं यांचा स्टार्च वापरण्याची रीत जुनीच होती. अमेरिकेत मक्याचा स्टार्च मुबलक आणि स्वस्त मिळाला. त्यात गव्हासारखं ग्लुटेन नसल्याने तळल्यावर आवरण चिवट न होता कुरकुरीत होतं. पहिल्या तळणीत मांस शिजतं. तुकडे निथळत ठेवले की आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या थरात येतं आणि थर मऊ पडतो. दुसऱ्या तळणीत हे पाणी वाफ होऊन निघून जातं. रसातल्या कॉर्नफ्लोअरचे कण सुमारे 65 ते 70 अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगतात, म्हणून तो एकाएकी दाट होतो. असा तुकडा खोक्यात बंद होऊन घरी पोहोचेपर्यंत बराचसा कुरकुरीत राहतो. गोड, दाट रस आणि दोनदा तळणं या गोष्टी नेऊन खाण्याच्या पदार्थाला सोयीच्या ठरल्या त्या अशा.

आणि ते खोकं? एकाच कागदाच्या घड्या घालून केलेलं, वर तारेची कडी असलेलं. शिकागोच्या फ्रेडरिक विलकॉक्स यांनी 1894 साली त्याचं पेटंट घेतलं. अशी भांडी कालवं नेण्यासाठी वापरत. चीनमध्ये असं खोकं वापरायची पद्धत नाही.

एक पत्र आणि एक पांढरी पूड

भाच्याने रसात चिमूटभर अजिनोमोटो घालायचं म्हटलं, तेव्हा घरातून लगेच विरोध झाला. या भीतीलाही इतिहास आहे. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. 1968 साली अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेत बधिरपणा येतो, धडधड होते, असं त्यांनी लिहिलं होतं. कारण म्हणून सोया सॉस, स्वयंपाकातली दारू, मीठ, ग्लुटामेट अशा अनेक शक्यता त्यांनी मांडल्या होत्या. लोकांनी त्यातली एकच उचलली आणि त्रासाला ‘चिनी उपाहारगृहाचा विकार’ असं नाव पडलं.

पुढे प्रयोग झाले. कोणाला ग्लुटामेट दिलं आणि कोणाला नाही, हे खाणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने. जेवणात असतं तेवढ्या प्रमाणात घेतल्यावर त्याचा सातत्याने त्रास होतो, असं काही त्यांतून सिद्ध झालं नाही. पिकलेल्या टोमॅटोत आणि चीजमध्ये ग्लुटामेट असतंच. अमेरिकी कारखान्यांच्या डबाबंद सूपमध्येही ते सर्रास घालत. पण ‘आमच्याकडे अजिनोमोटो वापरत नाही’ अशी पाटी लावायची वेळ आली ती चिनी उपाहारगृहांवर. ज्या माणसांविषयी मनात आधीच संशय असतो, त्यांच्या अन्नाविषयीचा संशय पुराव्याची वाट पाहत नाही.

आपल्या ताटातलं मांचुरियन

हे वाचून अमेरिकेला हसण्याआधी कोपऱ्यावरच्या गाडीकडे पाहू. मांचुरियन हा पदार्थ मांचुरियातला नाही. 1975च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने तो पहिल्यांदा केल्याचं सांगतात. आपल्या ओळखीचे आलं, लसूण, हिरवी मिरची घेतले, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि रस कॉर्नफ्लोअरने दाट केला. जनरल त्सोच्या कोंबडीचा हा सख्खा भाऊच.

आणि कायद्याची गोष्टही आपल्याकडे आहे. 1962च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांतल्या अनेकांचा जन्म भारतातला असूनही, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. काही जण तिथे वर्षानुवर्षं होते. सुटल्यावर कितीतरी कुटुंबं देश सोडून गेली. जे राहिले त्यांच्यातल्या अनेकांनी उपाहारगृहं चालवली. मांचुरियन आपण आवडीने खातो. देवळीचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलेलं असतं?

पेंगने 1990च्या सुमारास हुनानची राजधानी छांगशा इथे उपाहारगृह काढलं आणि तिथे जनरल त्सोची कोंबडी ठेवली. ते फार दिवस चाललं नाही. गावच्या लोकांना ती कोंबडी फार गोड लागली. चाळीस वर्षांत माणूस आणि पदार्थ दोघंही बदलले होते. 2016 साली तैपेईत पेंगचं निधन झालं.

‘मग हे खरं चायनीज की खोटं?’ त्या नववीतल्या मुलीने शेवटी विचारलं. आम्ही तिलाच एक काम दिलं. वर्गात तुम्हीही देऊ शकाल. घरातला कोणताही एक पदार्थ घ्यायचा. त्यातली प्रत्येक वस्तू कुठून आली, केव्हा आली, कोणी आणली आणि तो पदार्थ घरात कोणाकडून आला, हे घरच्यांना विचारून, पुस्तकांत शोधून लिहायचं. तिने साबुदाण्याची खिचडी निवडली आहे. साबुदाणा, मिरची, दाणे आणि बटाटा यांची गावं शोधता शोधता ती सध्या दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचली आहे.