दारं जुळली म्हणजे मनं जुळली?

हाँगकाँग आणि ग्वांगडोंगमधल्या कॅन्टोनीज घरांत विजोड प्रेमाचा विषय निघाला की वडीलधारी माणसं हमखास एक म्हण ऐकवतात: ‘बांबूच्या दाराला बांबूचं दार, लाकडी दाराला लाकडी दार.’ बांबूचं दार गरिबाचं, लाकडी दार श्रीमंताचं. खर्चाच्या सवयी आणि राहणी वेगळी असली की खटके उडतात, बरोबरीच्या घरांतच संसार टिकतो, हा अनुभव या म्हणीत साठला आहे, असं सर्रास मानलं जातं. खटके उडतात हे खरं. पण या म्हणीला संसारसुखाची काळजी होती, हे पटत नाही.

जुन्या विवाहपद्धतीकडेच पाहा. बरोबरीचं घराणं शोधलं जाई ते पहिल्या पत्नीसाठी. त्याच लाकडी दारातून गरिबाघरची मुलगी उपपत्नी म्हणून आत येई, तेव्हा कुणाला म्हण आठवत नसे. राहणीतला फरक संसाराच्या मुळावर येणारा असता, तर तो दोन्ही वेळा आला असता. जपायची होती ती घराण्याची प्रतिष्ठा आणि सोयरिकीतली देवघेव. हाँगकाँगमध्ये नव्यानं उपपत्नी करण्याची रूढी कायद्यानं बंद झाली ती थेट ७ ऑक्टोबर १९७१ रोजी.

बरं, बरोबरीच्या सोयरिकीत मुली सुखी होत्या म्हणावं, तर ग्वांगडोंगच्या शुंडे भागातल्या रेशीम कामगार स्त्रिया त्याविरुद्ध साक्ष देतात. लग्नाआधी वडीलधाऱ्या बाईनं मुलीचे केस विंचरून अंबाडा बांधायचा, अशी तिथली रीत. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांची मजुरी हाती येऊ लागल्यावर अनेकींनी तो अंबाडा स्वतःच बांधला आणि आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली. जुळत्या दारांचा संसार त्यांनी जवळून पाहिला होता.

आणि कॅन्टोनीज प्रेक्षकाचं मन कुठे होतं? नाटककार तोंग तिक-संग यांच्या १९५७ च्या ‘जांभळा केसकाटा’ या संगीतनाटकात गणिका आणि विद्वान यांचं प्रेम आहे. बडा अधिकारी त्या विद्वानाला आपला जावई करू पाहतो. प्रतिष्ठेच्या हिशेबानं तीच सोयरीक योग्य. पण नाटकात तो अधिकारी खलनायक ठरतो आणि मीलन होतं ते विजोड जोडप्याचं. हे नाटक आजही रंगभूमीवर होतं.

तेव्हा ही म्हण सोयरीक जमवणाऱ्यांच्या सोयीची आहे, नवराबायकोच्या सुखाची नव्हे. दोघांनी एकमेकांना पारखून घेतलं असेल, तर त्यांच्या घरांची दारं मोजण्याचा अधिकार तिसऱ्याला नाही.