मुंबईंत घडलेलें गणकयंत्र

स्वातंत्र्य मिळून सात वर्षें झालीं होतीं. अणुविज्ञानाला लागणारी प्रचंड आंकडेमोड हातानें उरकणें दिवसेंदिवस अवघड होऊं लागलें होतें. गणकयंत्र, म्हणजे आपण आज ज्याला संगणक म्हणतों तें, हवें होतें. पण तें परदेशांतून आणावें कीं येथेंच घडवावें? कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें लवकरच इंग्लंडहून तयार यंत्र आणविलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें मात्र, डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालीं, १९५४ सालीं दुसरी वाट धरली.

हें काम पत्करणारा गट लहान आणि तरुण होता. त्याचे प्रमुख रंगस्वामी नरसिंहन हे अमेरिकेंत गणिताचें उच्च शिक्षण घेऊन आलेले. परंतु गणकयंत्र घडविल्याचा अनुभव यांपैकीं कोणालाच नव्हता. म्हणून मोठ्या यंत्राला एकदम हात न घालतां त्यांनीं आधीं एक छोटेखानी प्रायोगिक यंत्र केलें. चुका व्हावयाच्याच तर त्या लहान यंत्रांत होणें बरें! या यंत्राच्या स्मरणकोशांत अवघ्या २५६ संख्या मावत, आणि प्रत्येक संख्या शून्य व एक या चिन्हांच्या १२ घरांची असे. एकेका घरासाठीं फेराइटचें एकेक चिमुकलें कडें. तें एका दिशेनें चुंबकित झालें कीं शून्य, उलट दिशेनें झालें कीं एक. अशीं तीन हजारांवर कडीं तारांत ओवलेलीं होतीं. १९५६ च्या अखेरीस तें चालूं लागलें.

या अनुभवाच्या बळावर मोठें यंत्र उभें राहिलें. त्यांतील संख्या ४० घरांची, आणि जुन्या रेडिओंत असत तसे व्हॉल्व्ह सुमारें २,७००. १९६० सालीं तें कामाला लागलें आणि १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. याच नेहरूंनीं १९४४ सालीं अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यांत बंदिवासांत असतांना 'भारताचा शोध' हा ग्रंथ लिहिला व त्यांत वैज्ञानिक दृष्टीची निकड मांडली होती. त्या दृष्टीचें एक मूर्त फळ आतां त्यांच्यासमोर उभें होतें.

एवढ्यांत जगांत व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टर घेऊं लागला होता. १९६४ सालीं खुद्द या संस्थेनेंच अमेरिकेहून कितीतरी वेगवान यंत्र आणविलें. मग आधींचे श्रम वायां गेले काय? १९६५ सालीं कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हां तिचें पहिलें अध्यक्षपद नरसिंहन यांच्याकडे आलें. परदेशचें यंत्र मुंबईंत उतरलें, त्या वेळीं त्याच्या पोटांत काय चालतें हें जाणणारी माणसें येथें अगोदरच तयार होतीं.