गैरहजर प्रतिवादी

आषाढ लागला की घोटीच्या आसपास भाताच्या आवणीखेरीज दुसरा विषय नसतो. नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी समन्स येते आणि तो कागद वाचून घेण्यासाठी आमच्याकडे आणला जातो. आम्ही मराठीचे अध्यापक, कायद्याचे जाणकार नव्हे. तरीही ठरलेल्या तारखेस हजर न राहिल्यास गैरहजेरीत निकाल होईल, हा मजकूर आम्ही इतक्यांदा मोठ्याने वाचून दाखविला आहे, की त्याचा इतिहास शोधावा असे वाटू लागले.

मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेवर वि. त्र्यं. गुणे यांचा प्रबंध 1953 साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यात भेटणारी पंचायत दोन्ही पक्षांकडून जामीन आणि राजीनामा घेतल्यावाचून सहसा वादात हात घालीत नसे. राजीनामा म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली. ते सुवर्णयुग मुळीच नव्हते. जातीचे आणि वतनाचे वजन तिथेही चालेच. मात्र प्रतिवादी समोर असणे ही त्या व्यवस्थेची गरज होती. 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेने आणि पुढे 1859 च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याने ही गरज संपविली. दावा दाखल झाला, समन्स बजावले गेले आणि प्रतिवादी आला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा. न्यायाधीशाने रोखा खरा आहे का एवढे पाहावे; रक्कम इतकी फुगली कशी, हे विचारणे त्याचे काम नव्हते.

त्याच 1859 साली मुदतीचा कायदा आला आणि कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा पडली. हेतू ऋणकोला जुन्या दाव्यांतून सोडविण्याचा होता. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला. अंगठा उठविणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता, आणि कोर्टात तो रोखाच बोलत असे.

सावकाराविरुद्धचा राग आमच्या डोंगरांना नवा नव्हता. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता ज्या मुलखात उतरतो, तो राघोजी भांगरे यांचा मुलूख. सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध उठलेल्या राघोजींना 1848 च्या मे महिन्यात ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने 1972 मध्ये या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेले असल्याचा युक्तिवाद केला. असेलही. पण जमावाने सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवर हात टाकला, रोखे मागून घेऊन जाळले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. न्यायालयात कोणता साक्षीदार ऐकला जातो, हे त्या निरक्षरांना नेमके ठाऊक होते.

त्यानंतर आला 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. दाव्यापूर्वी सलोखा करणाऱ्याकडे जाणे त्याने सक्तीचे केले आणि कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे बंद केले. आमच्या मते त्यातील खरी क्रांती बाराव्या कलमात आहे. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावे, व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे ते सांगते. पंचासारखा बाजूला बसलेला न्यायाधीश इथे चौकशी करणारा झाला. काही काळ नाशिकच्या न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ती रानडे 1893 मध्ये उच्च न्यायालयात गेले. त्यापूर्वी ते याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. या दाव्यांत अपील नसे, त्यामुळे खालच्या न्यायालयांची दप्तरे तपासत फिरणे हे त्यांचे काम. रानड्यांच्या अर्थशास्त्रावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, या दप्तरांवर मात्र फार थोडे.

सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखताऐवजी त्यांनी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. जमीन परत देण्याचे वचन फक्त तोंडी. मग त्या तोंडी वचनाचा पुरावा ऐकण्याची मुभा देणारे आणखी एक कलम जोडावे लागले. कायदा आणि पळवाट यांची ही शर्यत वाचताना आम्हांस एखाद्या लोककथेची आठवण होते. असो.

सलोख्याची कल्पना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 89 व्या कलमाच्या रूपाने 2002 मध्ये परतली. बारावे कलम परतले नाही. 1908 च्या या संहितेत एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय आहे. पुरेसे कारण दाखवावे लागते आणि अर्जाला मुदत तीस दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलेले नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण आमच्याकडे येणाऱ्या कागदावर बहुधा अंगठा आधीच उठलेला असतो, आणि तो आणणाऱ्याच्या पायाला चिखल असतो.