उन्हाळी, वेगधारण आणि पाणी : मूत्रविकारांच्या नैसर्गिक प्रतिबंधाचा ऐतिहासिक मागोवा (खानदेशच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

चैत्र-वैशाखात खानदेशचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते : 'उन्हाळी लागली'. लघवीला वारंवार जावे लागणे, ती थेंबथेंब होणे आणि होताना आग होणे या त्रासाला मराठी भाषेने दिलेले हे नाव अर्थपूर्ण आहे. त्यात रोगाचा ऋतू आहे, लक्षण आहे आणि कारणाचे सूचनही आहे. आज वैद्यकशास्त्र अशा तक्रारींपैकी अनेकींचे निदान 'मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग' असे करते. प्रत्येक उन्हाळी म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. शरीरातील पाणी कमी झाल्यानेही लघवी गडद होते व आग होते. तथापि परंपरेने या दोन्ही अवस्था एकाच नावाखाली हाताळल्या, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अलीकडे 'नैसर्गिक उपचार' या शब्दाला मोठे मोल आले आहे. त्यातून काढे, चूर्णे आणि गोळ्या एवढाच अर्थ घेतला जातो. परंपरेचे स्वरूप खरोखर एवढेच होते काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. प्राचीन वैद्यकग्रंथ, खानदेशातील लोकव्यवहार, वसाहतकाळातील स्थित्यंतर आणि विसाव्या शतकातील प्रतिजैविकांचे युग या क्रमाने त्याचा शोध येथे घेतला आहे.

१. प्राचीन ग्रंथांतील विचार

आयुर्वेदात लघवीच्या त्रासाचे दोन प्रमुख वर्ग आढळतात. लघवी होताना वेदना प्रधान असेल तर 'मूत्रकृच्छ्र' आणि अडथळा प्रधान असेल तर 'मूत्राघात'. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत. अतिव्यायाम, तीक्ष्ण औषधे, रूक्ष अन्न, मद्य, वेगवान वाहनांवरील नित्याचा प्रवास ही त्याची कारणे म्हणून दिली आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या दोन्ही विकारांना स्वतंत्र अध्याय आहेत, आणि माधवनिदानातही हे विभाजन कायम राहिले आहे. या संज्ञांचे आजच्या निदानांशी एकास एक समीकरण मांडणे इतिहासाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. मूत्रकृच्छ्रात जंतुसंसर्ग, मुतखडा आणि इतरही विकार सामावलेले होते.

औषधींचा विचार करता चरकाने 'मूत्रविरेचनीय' म्हणजे लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गणच दिला आहे. त्यात गोखरू, पाषाणभेद, दर्भ, कुश, कास यांचा समावेश होतो. पुढे शार्ङ्गधरसंहितेत आलेले गोक्षुरादि गुग्गुळ आणि चंद्रप्रभा वटी हे कल्प आजही वैद्यांच्या नित्य वापरात आहेत.

परंतु या औषधींपेक्षा महत्त्वाचा भाग ग्रंथांत अन्यत्र आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' या नावाने ओळखला जातो. शरीराचे जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत, त्यांच्या यादीत मूत्राचा वेग अगदी आरंभी येतो. तो अडविल्यास बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, वेदना होते, मूत्रकृच्छ्र होते, डोके दुखते, ओटीपोट फुगते, असे तेथे सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच विषय ज्या अध्यायात घेतला, त्याचे नाव 'रोगानुत्पादनीय' म्हणजे 'रोग उत्पन्नच होऊ नयेत यासाठी' असे आहे. म्हणजे मूत्रवेगाचा प्रश्न त्याने रोगप्रतिबंधाच्या अध्यायातच बसविला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात याच अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली, यावरून हा विचार महाराष्ट्रातील विद्वत्परंपरेत रुजलेला होता, हे स्पष्ट होते.

येथे एक उणीवही नोंदविली पाहिजे. वेगधारणाच्या लक्षणांत चरक मूत्राशयाबरोबर पुरुषाच्या जननेंद्रियातील वेदनेचा उल्लेख करतो. ग्रंथकारासमोर असलेला रुग्ण प्रामुख्याने पुरुष आहे. वस्तुतः हा संसर्ग स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. त्यांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर इतका आखूड असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. ज्यांना उपदेशाची सर्वांत अधिक गरज होती, त्या स्त्रिया उपदेशाच्या श्रोत्यांत नव्हत्या.

२. खानदेशातील लोकव्यवहार

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश उष्ण आणि अवर्षणप्रवण आहे. पांझरा नदीवरील फड पद्धती ही सामूहिक सिंचनव्यवस्था येथील लोकांनी पाण्याचे मोल किती जाणले होते, याची साक्ष देते. अशा प्रदेशात लघवीच्या विकारावरील घरगुती उपाय पाण्याभोवतीच फिरावेत, हे स्वाभाविक होय.

या उपायांची यादी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला पाठ असते. धने-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळून घेतलेले पाणी, खडीसाखर घातलेला सब्जा, वाळा टाकलेले माठातील पाणी, पातळ ताक, नारळपाणी हे त्यांतील नेहमीचे. सातपुड्याच्या परिसरात विपुल असणाऱ्या पळसाची फुले शिजवून ओटीपोटावर बांधण्याची रीतही प्रचलित होती. कोरडवाहू शेतात पायात रुतणारा सराटा हेच ग्रंथातील गोखरू, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शेतकरी ज्याला उपद्रवी तण म्हणून उपटतो, त्याच्याच फळांचा काढा तो उन्हाळी लागल्यावर घेतो.

या सर्व उपायांत द्रव्ये वेगवेगळी असली तरी एक घटक समान आहे, तो म्हणजे भरपूर पाणी. धन्याचा गुण किती आणि ज्या तांब्याभर पाण्यात ते भिजविले त्या पाण्याचा गुण किती, हा प्रश्न परंपरेने कधी वेगळा केला नाही. आजच्या अभ्यासकाने मात्र तो विचारणे आवश्यक आहे.

३. वसाहतकाळातील स्थित्यंतर

१८१८ मध्ये खानदेश ब्रिटिश अमलाखाली आला. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशविषयक बारावा खंड प्रसिद्ध झाला आणि १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन होऊन धुळे हे पश्चिम खानदेशचे मुख्य ठाणे राहिले. याच काळात देशी औषधींकडे पाहण्याची एक नवी दृष्टी तयार झाली. विल्यम डायमॉक व त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० नंतर प्रसिद्ध केलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथात भारतीय वनस्पतींची शास्त्रीय नावे, घटक व उपयोग नोंदविले गेले. वनस्पतीची नोंद झाली. परंतु ती ज्या दिनचर्येचा भाग होती, ती दिनचर्या या सूचीत मावणारी नव्हती.

देशी बाजूनेही असेच घडले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने संहितांच्या शुद्ध आवृत्त्या काढल्या. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' सारख्या लेखनातून औषधिज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेले आणि १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. या चळवळीचे ऋण मोठे आहे. पाश्चात्त्य औषधांशी स्पर्धा करताना मात्र आयुर्वेदाला आपले सामर्थ्य औषधाच्या रूपातच सिद्ध करावे लागले. परिणामी बाटलीत भरता येते ते टिकले आणि बाटलीत भरता न येणारे, म्हणजे वेग न अडविण्याचे शास्त्र, मागे पडले.

४. जंतू, प्रतिजैविके आणि नवा पेच

१८८५ मध्ये थिओडोर एशेरिश याने आतड्यांतील ज्या जंतूचे वर्णन केले, तोच ई. कोलाय हा मूत्रमार्गाच्या संसर्गाचे सर्वांत प्रमुख कारण ठरला. १९३५ नंतर सल्फा औषधे आणि १९५० च्या दशकात नायट्रोफ्युरँटॉइन उपलब्ध झाले. पूर्वी जो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढून प्राणावर बेतत असे, तो काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. नैसर्गिक उपायांचा पुरस्कार करताना या उपकाराचा विसर पडू देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ताप, थंडी, कमरेच्या वरच्या बाजूस वेदना, लघवीतून रक्त किंवा गर्भारपण अशा स्थितीत काढ्यावर विसंबणे घातक असते. तेथे तपासणी व प्रतिजैविक हाच मार्ग होय.

मात्र गोळ्यांच्या सर्रास आणि अपुऱ्या वापरामुळे जंतू औषधांना दाद देईनासे झाले. केंद्र शासनाने २०१४ पासून 'एच-१' ही अनुसूची लागू करून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर अधिक कडक नोंदी बंधनकारक केल्या, त्यामागे हीच चिंता होती. त्यामुळे संसर्ग होऊच न देण्याचा जुना विचार आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे.

या संदर्भात अलीकडील संशोधनाचे निष्कर्ष बोलके आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा वर्षभर अभ्यास झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले, त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. इतरांत हे प्रमाण ३.२ होते. क्रॅनबेरी या परदेशी फळामुळे वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांतील धोका सुमारे एक-चतुर्थांशाने घटतो, असे २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात दिसले. याउलट मोठा गाजावाजा झालेल्या डी-मॅनोज या शर्करेचा प्रतिबंधासाठी लाभ होत नाही, असे २०२४ मध्ये ५९८ स्त्रियांवरील चाचणीतून निष्पन्न झाले. 'नैसर्गिक' या शिक्क्याने गुण सिद्ध होत नाही. आणि ज्या उपायाचा गुण ठळकपणे दिसला, तो विकत घ्यावा लागत नाही.

५. निसर्गाचा वेग आणि समाजाचा अडसर

पाणी प्या आणि वेग अडवू नका, हा उपदेश सोपा वाटतो. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो पाळण्याचे स्वातंत्र्य इतिहासाने त्यांना दिले नाही. पाणी दूरवरून डोक्यावर आणायचे आणि विधीसाठी अंधार पडण्याची वाट पाहायची, हा ग्रामीण स्त्रीचा दिनक्रम होता. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे ५३ टक्के घरांच्याच आवारात शौचालय होते. ग्रामीण भागात हे प्रमाण ३८ टक्के होते. ज्या घरात शौचालय नाही, तेथील स्त्रीला वेगधारण हा रोजचाच नेम होता, आणि तो पाळता यावा म्हणून ती पाणीच कमी पीत असे.

दुसरा अडसर लाजेचा. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली, त्यामागे भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची गरज आहे ही जाणीव होती. त्यानंतर शतकभराने, १९८९ मध्ये, डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास मूत्रमार्गापुरता नव्हता. परंतु 'खालच्या' दुखण्यांविषयीचे मौन किती खोल आहे, हे त्याने दाखविले.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान (२०००-०१), मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मोफत व सुरक्षित मुताऱ्यांसाठी उभी राहिलेली 'राइट टू पी' चळवळ आणि २०१४ चे स्वच्छ भारत अभियान हे टप्पे म्हणूनच आरोग्याच्या इतिहासाचेही टप्पे मानले पाहिजेत. मुताऱ्यांची मागणी करणाऱ्या कार्यकर्त्यांची भाषा हक्कांची होती. तरी त्यांच्या मागणीचा आशय 'रोगानुत्पादनीय' अध्यायाचाच होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) भारतीय परंपरेत मूत्रविकारांचा नैसर्गिक प्रतिबंध औषधीपुरता मर्यादित नव्हता, वेग न अडविणे हा त्याचा पाया होता.

२) वसाहतकाळापासून औषधी आणि जीवनपद्धती यांची फारकत झाली व 'नैसर्गिक उपाय' ही विक्रीची वस्तू बनली.

३) पुरेसे पाणी या लोकपरंपरेतील समान घटकाला आधुनिक संशोधनाने पुष्टी दिली आहे, प्रत्येक वनस्पतीच्या दाव्याची मात्र स्वतंत्र परीक्षा व्हावी.

४) ग्रंथांतील उपदेश स्त्रियांपर्यंत पोचला नाही आणि पोचला असता तरी तो पाळण्याची साधने त्यांच्याकडे नव्हती.

हा प्रश्न आपल्या अगदी निकटचा आहे. पहाटेची एस.टी. पकडून खेड्यांतून महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी घरून निघताना पाणी टाळते, कारण दुपारपर्यंत स्वच्छ जागा मिळेल याची तिला खात्री नसते. सलग तासिका घेणाऱ्या प्राध्यापिकेची स्थितीही फारशी वेगळी नसते. आपण वर्गात चरक-सुश्रुतांचा गौरव करतो. त्यांच्या सातव्या अध्यायाचा खरा आदर करायचा असेल, तर प्रत्येक मजल्यावर पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह असले पाहिजे आणि तासिका चालू असताना उठून जाण्याची परवानगी मागायला कोणत्याही मुलीला संकोच वाटता कामा नये.