राजूरचं आडनाव कॉलरी

देऊळगाव राजात कुणी ‘राजूरला चाललो’ म्हणालं तर ‘कशाला’ असं विचारायचं कारण नसतं. चतुर्थी असणार आणि माणूस जालना-भोकरदन वाटेवरच्या राजूरच्या गणपतीला निघालेला असणार. बुलढाण्यात राजूर म्हणजे मोताळ्याकडे उतरणारा घाट. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत राजूर म्हणजे कोळसा. तिकडे हे नाव ‘राजूर (कॉ.)’ असं लिहितात. कंसातला ‘कॉ.’ म्हणजे कॉम्रेड नव्हे, कॉलरी.

एका नावाची गावं झाली की त्यांना आडनाव लावावं लागतं. आमच्याच तालुक्यात देऊळगाव मही आहे, म्हणून आम्ही देऊळगाव राजा. हा ‘राजा’ जाधव राजांकडून आला, शेजारच्या सिंदखेडला आला तसाच. मग राजूरची ‘कॉलरी’ कुठून आली?

ती आली विलायतेतून, आणि तिथेही तिचा जन्म खाणीत झालेला नाही. इंग्रजीत ‘कोलियर’ हा आधी रानात लाकडं जाळून कोळसा पाडणारा माणूस. जमिनीतून निघणारा काळा दगड जळतो म्हटल्यावर लोकांनी त्यालाही कोळशाचंच नाव दिलं. खणणारा तो कोलियर झाला आणि सतराव्या शतकात त्याच्या कामाची जागा ती ‘कॉलरी’.

मराठीतही असंच घडलं. आपला कोळसा मूळचा लाकडाचा: लोहाराच्या भात्यापुढचा, सोनाराच्या शेगडीतला. इस्त्रीवाला कोळशाच्या इस्त्रीचं झाकण उघडून राख फुंकतो आणि आत लाल निखारा दिसतो, तो हाच. उगाळावा तितका काळा, तोही हाच. खाणीतला आला तेव्हा त्याच्यामागे ‘दगडी’ लावून आपण काम भागवलं. खाणीला ‘खाण’ हा शब्द तर घरचाच होता. तरी कॉलरी टिकली, कारण खाण म्हणजे नुसती खणलेली जागा. कॉलरीत भोंगा आला, पाळ्या आल्या, क्वार्टरांच्या रांगा आणि पगाराच्या दिवसाचा बाजारही आला.

आमच्याकडे हा शब्द रुजण्याचं कारणच नव्हतं. देऊळगाव राजाच्या पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पत्थर आहे; विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो याच्यासाठी. वर्धा नदीच्या खोऱ्यातले कोळशाचे थर त्याहून कितीतरी जुने, 25 कोटी वर्षांच्या मागचे. ज्या खडकांत ते सापडतात त्यांना भूवैज्ञानिकांनी गोंडवन असं नाव दिलं, गोंडांच्या मुलखावरून.

या खोऱ्यात सरकारने वरोऱ्याला खाण काढली आणि कोळसा न्यायला वर्ध्याहून तिथवर रेल्वे टाकली. ती 1877 मध्ये सुरू झाली. 1906 मध्ये वरोऱ्याची ही खाण बंद पडली. पण तोवर बल्लारपूरला काम लागलं होतं. पुढे घुग्गुस, माजरी, राजूर अशी नावं जोडली गेली. 1973 मध्ये खासगी खाणी सरकारजमा झाल्या आणि 1975 मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स आली. पाट्यांवर ‘एरिया’ आणि ‘सब-एरिया’ चढले. लोकांच्या तोंडी मात्र माजरी कॉलरी, राजूर कॉलरीच राहिली.

म्हणजे लाकूडतोड्यासारखं रानात राबणाऱ्या माणसाचं नाव आधी त्याच्या कामाच्या जागेला लागलं, तिथून समुद्र ओलांडून विदर्भातल्या गावाचं आडनाव झालं. खाणीतला कोळसा कधीतरी संपतोच. आडनावाचं तसं नसतं. देऊळगावात राज्य करणारा राजा आता नाही, पण एसटीच्या पाटीवरून त्याला कुणी उतरवलेलं नाही. उतरवलं तर मही कुठली आणि आम्ही कुठले, हे कंडक्टरला कसं कळणार?