शेताचे नाव आणि दप्तरातला अंक

लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव परक्या माणसास ठाऊक असते ते तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे. परंतु ज्या जमिनी या धरणाने भिजविल्या आणि ज्या त्याने गिळल्या, त्या जमिनींच्या नावनिशीचा इतिहास धरणाहून पुष्कळच जुना आहे. शेतकरी आपल्या रानाला चिंचेचे, लवणातले, माळावरचे म्हणतो. सरकारी दप्तर तेच रान एका अंकाने ओळखते. आणि या दोहोंमधील सांधा ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर कुळाचे स्वास्थ्य अवलंबून असे.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, दिवाण सालारजंगाच्या सुधारणांच्या मागोमाग, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतांना सर्व्हे नंबर पडले, आणि नंबर, क्षेत्र व आकार ज्या बुकात उतरले, त्यास मराठवाड्यात आजही ‘सेतवार’ म्हणतात. गावचा पटवारी मोडीत लिही. वरच्या कचेरीत, 1880 च्या दशकात फारसीची गादी घेतलेली उर्दू चाले. जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारास अव्वल तालुकदार ही पदवी असे. आणि साल फसली असल्यामुळे त्यात 590 मिळविल्याखेरीज इसवी सन निघत नसे. हैदराबादचा जमीन महसूल कायदासुद्धा 1317 फसलीचा. अशा व्यवस्थेत एकच शेत जिभेवर एका नावाने, मोडीत दुसऱ्या वळणाने आणि उर्दूत एखादा नुक्ता गळाल्यास तिसऱ्याच उच्चाराने वावरे, आणि तंटा उपस्थित झाला म्हणजे या तिघांचा मेळ घालून देणारा पटवारी हाच काय तो साक्षीदार उरे. पटवाऱ्यांच्या लबाडीच्या कथा आपण चवीने सांगतो, पण खरे दोषी ते दप्तरच होते. कारण जो सांधा कागदावर असावयास हवा होता, तो त्याने एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडला होता.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, आणि 1954-55 च्या सुमारास खासरा पाहणी पत्रके तयार झाली. मराठवाड्यात मालकीचा माग काढणारा वकील आजही बहुधा तेथूनच आरंभ करतो. पुढे एकत्रीकरण योजना जेथे लागू झाली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे दाखविणारे कोष्टक ज्याच्यापाशी नाही, त्याच्या आजोबाचा कागद अस्सल असूनही मुका.

हेच कोष्टक आता खिशातल्या यंत्रात शिरले आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पेरा नोंदवितो. अशा कोणत्याही ॲपची आज्ञावली लिहिणारा आपल्या सोयीने एखाद्या घटकास सुबोध नाव देतो, तर साठवणीतील रकान्याचे नाव जुने, आखूड, कोणा पूर्वसूरीने दिलेले असते. गूगलने 2017 मध्ये अँड्रॉइडसाठी काढलेल्या ‘रूम’ या साधनात घटकाच्या माथ्यावरच एक चिठ्ठी लावता येते, की येथे यास काहीही म्हणा, साठवणीत याचा रकाना अमुक नावाचा. ही चिठ्ठी न लावता कोणी घटकाचे नाव बदलले, तर साधनास अपेक्षित आराखडा आणि प्रत्यक्ष साठवण यांचा मेळ बसत नाही व ॲप उघडण्यास नकार देते. आणि आराखड्याचा आवृत्ती-अंक वाढविला, पण जुन्यातून नव्यात नेण्याची वाट लिहिली नाही, व अशा वेळी जुने पुसून नव्याने मांड, अशी परवानगी आधीच देऊन ठेवली असेल, तर फोनमधील नोंदी समूळ जातात. जुन्या पटवाऱ्याने, त्याच्यावर कितीही ठपके असले तरी, दप्तर जाळून नवे मांडण्याचा मार्ग सहसा पत्करला नसता.

लोहारा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्या नावाचेच पाहा. 1904 पर्यंत तो नळदुर्गचा जिल्हा. मग मुख्य ठाणे धाराशिवास हलले, पुढे निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावावरून उस्मानाबाद, आणि 2023 मध्ये पुन्हा धाराशिव. ज्या साठवणीत जिल्हा अंकाने ओळखला जातो, तेथे दर्शनी पाटी बदलून भागते. जेथे नावासच ओळख मानले आहे, तेथे प्रत्येक जुन्या नोंदीस हात लावावा लागतो. गावांनाही म्हणूनच अंक हवा: 2011 च्या जनगणनेने प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक दिला, कारण निलंगा तालुक्यात माकणी थोर आहे, आणि केवळ ‘माकणी’ एवढ्यावर धाडलेला अर्ज कोणत्या तहसिलीत जाऊन पडेल, याची हमी कोण देणार?