नराणी, नेलकटर आणि शाळेचे बूट

माझे आजोबा आणि वडील मुलुंडचे न्हावी. आजोबांना साष्टीतल्या गावांतून हजामतीचं बलुतं भातात मिळे. वडिलांच्या हाती रोख पैसे येऊ लागले. १९५७ साली मुलुंड-बोरिवली मुंबई महापालिकेत आली, तरी वडील धोकटी घेऊन दारोदार जातच होते. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, पाण्याची वाटी आणि नराणी. नराणी म्हणजे छोटी पोलादी पट्टी, टोकाला सपाट धार असलेली. हातापायांची नखं काढणं हजामतीतच धरलेलं, त्याचे वेगळे पैसे नसत.

लहान मुलांचे पाय वडील आधी कोमट पाण्यात ठेवायला लावत. नख मऊ झालं की पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन अंगठ्याचं नख सरळ आडवं काढत. कडेचे कोपरे मुद्दाम राखत. कोपरा खोल कापला की नख वाढताना त्याचं टोक मांसात रुततं, बाजू सुजते, पू धरतो. नखाशी असं पिकण्याला सुश्रुतसंहितेने चिप्प म्हटलंय, क्षुद्ररोगांत घातलंय. तिथेही गरम पाण्याने शेकून मग शस्त्र लावायला सांगितलंय. वडिलांनी सुश्रुताचं नावही ऐकलं नसेल.

नखुरडं झालंच तर घरोघरी बोटात लिंबू खोचत. काही न्हावी मात्र नराणीनेच कोपरा कोरून काढत, आणि तीच नराणी न उकळता पुढच्या पायाला लावत. त्यातून पोरांची बोटं चिघळायची. त्या कामाचं कौतुक मी कधीच करणार नाही.

पुढे स्टेशनाजवळ सलूनं झाली. खुर्ची आली आणि न्हाव्याची नजर गिऱ्हाइकाच्या पायांवरून उठली, ती कायमची. नखं घरी आली; लोकलच्या डब्यात नेलकटर विकायला आले. त्यांचं पातं वळणदार, त्यामुळे अंगठ्याचं नख गोल कापायची सवय लागली. त्याच सुमाराला पोरांच्या पायांत शाळेचे काळे बूट आले. जूनमध्ये घेतलेले बूट वर्षभर पुरवायचे, मग पाय वाढला तरी बोटं आत दुमडून चालायचं. पावसात भिजलेले मोजे शाळा सुटेपर्यंत तसेच. प्रार्थनेच्या रांगेत बाई हातांची नखं तपासत. बुटातल्या नखांकडे कोण बघणार? आमच्या उपनगरांत मुलांची नखुरडी वाढली ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

मी सलून काढलं नाही. महापालिकेच्या दवाखान्यात ड्रेसर झालो, आणि वडिलांसारखाच मुलांच्या पायांशी बसलो. जुलै-ऑगस्टमध्ये लंगडत येणारी पोरं जास्त. नुसती सूज असेल तर दिवसातून दोन-तीनदा कोमट मिठाचं पाणी, आणि नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात, रोज बदलायची. पू, ताप किंवा वर चढणारी लाली दिसली की डॉक्टरांकडे. वारंवार होत असेल तर बोटाला भूल देऊन नखाची कडेची पट्टी तेवढी काढतात आणि मुळाशी फिनॉल लावतात. ती कड सहसा पुन्हा येत नाही.

पट्टी बांधून झाली की मी मुलाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवायचो आणि त्याचाच बूट त्या आकृतीवर ठेवायचो. बुटाच्या बाहेर रेघ दिसली की आयांना वेगळं काही सांगावं लागत नसे.